सरोजताईंनी जिंकलेली पोटनिवडणूक

सरोजताई धामणकर आयुष्यात एकदाही निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत आणि एकही निवडणूक हरल्या नाहीत. धनकवडीच्या वॉर्डात तीसेक वर्षं त्यांनी उमेदवार उभे केले, निवडून आणले आणि डोईजड झाले की पाडलेसुद्धा. कुठल्या घरात नवरा-बायको वेगवेगळ्या पक्षाचे, कुठल्या आजोबांना बूथपर्यंत रिक्षा लागते आणि कुठल्या आजोबांना नुसतं "काका, तुमच्यावाचून अडलंय" म्हटलं की पुरतं, सगळं तोंडपाठ. बाई लहानखुरी, फिकट सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा. बघणाऱ्याला वाटावं, शाळेतल्या शिवणाच्या बाई असतील. पण समोरच्या पक्षाचे भले भले त्यांना बघून रस्ता बदलायचे.

अशी ही बाई म्हातारपणी न्यूझीलंडला येऊन पडली. यजमान गेले. राघव एकुलता एक, वेलिंग्टनला इंजिनिअर. त्यानं हट व्हॅलीत घर घेतलं तेव्हा सरोजताईंनी धनकवडीचा फ्लॅट विकून त्याला हातभार लावला. गावाचं नाव सांगत नाही. रेल्वेचं एक स्टेशन, एक मोठं सुपरमार्केट, मागे डोंगर आणि मराठी घरं हाताच्या बोटांवर. नाव सांगितलं तर उद्या सगळे माझ्याच दारात येतील. तर तिथं, दिवसभर बंद असलेल्या त्या गालिचाच्या घरात, ज्या बाईच्या एका फोनवर दहा रिक्षा उभ्या राहायच्या तिनं दुपारी लेटरबॉक्सपर्यंत जाऊन यायचं, हीच काय ती सहल. शाळा सुटली की नात यायची, सिद्धी, नऊ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. पण आजीच्या मांडीवर पाय टाकून बसल्याशिवाय पोरीला टोस्ट गोड लागत नसे. सरोजताईंचा जीव अडकला होता तो तिथं.

आईवडिलांना कायमचं बोलवायचं तर तिथलं सरकार चिठ्ठ्या काढतं. वर्षानुवर्षं लोक वाट बघतात. सरोजताईंची चिठ्ठी निघाली. सगळे कागद झाले, फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती. ती झाली की बाई कायमच्या राहणार, नाहीतर पाहुण्यांचा व्हिसा एप्रिलअखेर संपत होता. पुण्यात आता त्यांच्या नावाचं दार काय, कुलूपही उरलं नव्हतं.

आता सून. वल्लरी. या दोघींचं भांडण कधी झालं नाही आणि सूतही कधी जुळलं नाही. एका ताटात दोन भाज्या असाव्यात तशा, एकमेकीला न लागता. वल्लरी हुशार, बोलायला तरतरीत. सरकारी कपातीत तिची नोकरी गेली आणि ती घरात बसली. ज्या बाईचा दिवस मीटिंगांनी भरलेला असायचा ती दिवसातून तीनदा ओटा पुसायला लागली. तेवढ्यात गावच्या कौन्सिलमधला एक म्हातारा सभासद तब्येतीमुळे मधेच पायउतार झाला आणि पोटनिवडणूक लागली. वल्लरीनं अर्ज भरला. राघव म्हणाला, "बघ बाई, तुझं तू." हा राघव म्हणजे असा. चांगला मुलगा, पण कणा म्हणून देवानं शेवयाच घातल्यात.

आणि एका सकाळी वल्लरीनं सासूपुढे चहा ठेवला, समोर बसली आणि म्हणाली, "आई, मला तुम्ही हव्यात."

लग्नाला तेरा वर्षं झाली होती. हे वाक्य ती पहिल्यांदा बोलली. सरोजताईंनी चष्मा वर सरकवला. "अगं, मग इतके दिवस काय झोपली होतीस? याद्या कुठायत?"

तिथलं मतदान बघून मात्र त्यांना हसावं की रडावं कळेना. ना बूथ, ना रांग, ना बोटाला शाई. घरी टपालानं पाकीट येतं, आत उमेदवारांची नावं. खूण करायची, पाकीट बंद करायचं आणि टपालात टाकायचं, नाहीतर सुपरमार्केटच्या दारात ठेवलेल्या नारिंगी डब्यात. "ही कसली मेली निवडणूक? विजेचं बिल भरल्यासारखी!" पण दोन दिवस चार घरी चहा प्यायल्यावर त्यांच्या डोळ्यात चमक आली. प्रत्येक घरात मागच्या निवडणुकीचं पाकीट अजून फ्रिजवर पडलेलं, वर पिझ्झाची जाहिरात. निम्म्याहून जास्त लोक मत देतच नव्हते. "वल्लरी, मतं मागायची नाहीतच गं. पाकिटं फ्रिजवरून खाली काढायची. जो काढेल तो जिंकेल."

समोर होता ब्रायन टकर. निवृत्त प्लंबर, उंच, लालबुंद मानेचा. अर्ध्या गावाच्या गरम पाण्याच्या टाक्या त्यानं बसवलेल्या आणि उरलेल्या गावाच्या पोरांना रग्बी शिकवलेली. त्याला पाडायचं म्हणजे चेष्टा नव्हती. सरोजताई कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जायच्या. तिथल्या पटेलांशी मोडक्या हिंदीत गप्पा मारता मारता त्यांनी सहज विचारलं, "इसकी माँ है क्या?" आहे, पटेल म्हणाले. रेस्ट होममध्ये असते. डिमेन्शिया, म्हणजे डोकं गेलंय, लेकाला ओळखत नाही. हा रोज सकाळी जाऊन भरवून येतो बिचारा.

सरोजताईंनी दूध उचललं आणि 'बिचारा' तिथंच दुकानात ठेवला. आठवड्याभरात नदीकाठी फिरायला जाणाऱ्या सगळ्या देशी बायकांत एकच बोलणं होतं. सख्ख्या आईला ज्यानं होममध्ये टाकलं तो गावाकडे काय बघणार? पंजाबी बायकांत गेलं, तेलुगू बायकांत गेलं, फिजीवाल्यांकडे गेलं. आपल्या लोकांची दुखरी नस अचूक दाबली होती. प्रत्येकीचं कोणीतरी भारतात एकटं होतं आणि प्रत्येकीला दुसऱ्या कोणाला तरी दोष द्यायला हवाच होता.

"आई, हे बरं नाही दिसत," वल्लरी म्हणाली.

"दिसायचंच नसतं ते. ऐकू यायचं असतं."

तिळाच्या वड्या थापता थापता त्या दिवशी त्यांनी सुनेला कल्याणीची गोष्ट सांगितली. अगदी रंगून. कल्याणी म्हणजे वॉर्डातली त्यांच्याच हाताखालची पोर, रात्रंदिवस राबणारी. एका पोटनिवडणुकीत सरोजताईंच्या सांगण्यावरून साड्या वाटताना पकडली गेली. पत्रकार जमले. उमेदवार घामाघूम. "मी काय केलं असेल सांग. पुढे झाले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, अहो, ही आमची कार्यकर्ती नव्हे हो, शेजारची आहे, डोक्यानं जरा अशीच आहे बिचारी. कपाटातल्या साड्या लोकांना देत सुटते. आणि हिच्याकडे असं बघितलं," सरोजताईंनी चष्म्यावरून डोळे वटारून दाखवले, "की पोरगी खुळ्यासारखी हसली बघ! अठराशे मतांनी आलो."

"मग तिचं काय झालं?" वल्लरीनं विचारलं.

"कुणाचं?"

"कल्याणीचं."

"तिचं काय व्हायचंय! लोकांनी धसका घेतला. तिची बालवाडी होती, तिथं कोणी पोरं पाठवेना. आली होती एकदा फाटकाशी. म्हणे, ताई, एकदा चारचौघांत सांगा ना, मी शहाणी आहे म्हणून." सरोजताईंनी वड्या कापायला घेतल्या. "आता निवडून आल्यावर असं सांगता येतं का? माणूस बघायचा नाही, मत बघायचं. वेडी कुठली."

 वल्लरीनं वडीचा एक कोपरा तोंडात टाकला. पोरगी ऐकून घेत होती आणि नीट ऐकून घेत होती, हे सरोजताईंना तेव्हाच कळायला हवं होतं.

जानेवारी संपत आला होता. तिकडे ऐन उन्हाळा, घराघरांत बार्बेक्यूचा धूर, पोरं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून नदीवर. पाकिटं घरोघरी पोचली होती. सरोजताईंनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं: संक्रांतीचं हळदीकुंकू. वाणासाठी वाट्या लागणार म्हणून त्यांनी पुण्याहून निघतानाच बॅगेत साड्या कमी आणि स्टीलच्या वाट्या जास्त भरल्या होत्या. आणि भांडं द्यायचं तर त्यावर नाव हवंच. नाव न घालता भांडं देणारी बाई पुण्यात अजून जन्माला यायचीय. तुळशीबागेतल्या माणसाकडून प्रत्येक वाटीवर टिकटिक करत कोरून आणलं होतं, 'सप्रेम भेट, सौ. वल्लरी राघव धामणकर', आणि परक्या बायकांसाठी खाली इंग्रजीतसुद्धा.

बायका लोटल्या. मराठी, गुजराती, तेलुगू, फिजीवाल्या, शेजारच्या दोन गोऱ्या बायका आपल्या रबरी चपला, जँडल्स, दारात काढून आल्या. हळदीकुंकू, अत्तर, तिळगूळ, मटारची उसळ, वाटी. आणि येताना प्रत्येकीनं आपलं आणि घरच्यांचं पाकीट आणायचं, असा निरोप होता. जेवणाच्या टेबलावर पेनं मांडलेली. सरोजताई प्रत्येकीच्या पाठीशी उभ्या राहून बोट दाखवत होत्या, "हं, इथं कर गं खूण." मग सगळा लवाजमा साड्या सावरत सुपरमार्केटपर्यंत चालत गेला आणि नारिंगी डब्यात पाकिटं पडली. मृदुला नावाची तिथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी आहे, तिला काही झालं की फोटो काढायची खाज. तिनं सगळे फोटो फेसबुकवर टाकले. वाटी हातात, पाकीट हातात, मागे वल्लरीच्या चेहऱ्याचं पोस्टर. खाली हार्टं.

तिसऱ्या दिवशी तक्रार झाली.

तिथल्या कायद्यात मतदाराला खाऊ-पिऊ घालणं, भेट देणं आणि मताच्या कागदाला हात लावणं हा गुन्हा आहे. हे तिथं सगळ्यांना माहीत असतं. आपल्या बायकांना वाटलं, हळदीकुंकवाला कसला आलाय कायदा? पण वाटीवर उमेदवाराचं नाव कोरलेलं. ते काय पाण्यानं जाणार होतं? टकरच्या एका मित्रानं फोटो निवडणूक अधिकाऱ्याकडे दिले, तिथून ते पोलिसांकडे गेले आणि गावच्या साप्ताहिकाची वार्ताहर मुलगी दुसऱ्याच दिवशी दारात उभी राहिली. इकडे बायकांनी वाट्या गॅरेजमध्ये लपवल्या. एकीनं तर बागेत पुरली. मृदुला फोन उचलेना.

वल्लरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. वार्ताहर सोफ्यावर बसली, रेकॉर्डर टेबलावर. राघव खिडकीशी, नेहमीसारखा. सरोजताई आतल्या दारात उभ्या. मुलीनं विचारलं, हा कार्यक्रम कोणी ठरवला? वाट्या कोणी वाटल्या?

वल्लरीनं रेकॉर्डरकडे पाहिलं. मग उठली, सासूजवळ आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझ्या सासूबाईंनी," ती इंग्रजीत म्हणाली, आवाज अगदी भरलेला. "मी बाहेर होते. त्यांना डिमेन्शिया आहे. अजून आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांना वाटतं त्या अजून भारतातच आहेत, तिथल्या निवडणुकीत. आम्ही त्यांना घरीच सांभाळतो. आमच्यात आईला बाहेर ठेवत नाहीत."

सरोजताईंचं इंग्रजी कामचलाऊ, पण तो एक शब्द त्यांना कळला. पटेलांच्या दुकानातच शिकल्या होत्या. खांद्यावरचा हात किंचित दाबला गेला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. वल्लरीचे डोळे चष्म्याशिवायच वटारलेले होते.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी बाईला राग आला नाहीच. अंगावर मूठभर मांस चढलं. वा गं पोरी! आणि घोडं मैदानात उतरलंय म्हटल्यावर मागं कशाला हटायचं? त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं, खुळ्यासारख्या हसल्या आणि वार्ताहर मुलीच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "जेवलीस का गं बाळ? चिठ्ठ्या वाटून झाल्या का?" मग राघवकडे वळून त्याला त्याच्या मेलेल्या बापाच्या नावानं हाक मारली. "गोविंदराव, रिक्षा आली का हो?"

राघव रडला. तो खरंच रडला. त्याला आधी कोणी काही सांगितलं नव्हतं आणि आता काय खरं ते त्याला कळत नव्हतं. वार्ताहरनं रेकॉर्डर बंद केला. सासूचा हात हातात घेतलेल्या सुनेचा फोटो पहिल्या पानावर आला. गाव हळहळलं. आणि ते नदीकाठचं जुनं बोलणं आता आपोआप जागं झालं: एकानं आईला होममध्ये टाकलंय आणि एक सासूला घरी सांभाळते. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

टकर स्वतः घरी आला. हातात टोपी. ओट्याजवळच्या खुर्चीत सरोजताईंना कणकेचा गोळा दिला होता, खेळायला. पाहुणा आला की तसं करायचं ठरलं होतं. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला, एवढा मोठा माणूस, आणि म्हणाला, "माझी आईपण अशीच आहे. मित्रानं तक्रार केली ते मला नंतर कळलं. पोलिसांना सांगितलंय, मला हे पुढे न्यायचं नाही." मग वल्लरीला म्हणाला, "तू घरी ठेवलंस. मला नाही जमलं. ती जिन्यावरून पडायची." वल्लरीनं पोलिसांनाही तेच सांगितलं होतं; त्यांनी ताकीद देऊन फाइल मिटवली. मतदानाच्या शेवटच्या आठवड्यात टकर कुठेच दिसला नाही. त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती आणि तो तिच्याजवळ बसून होता. वल्लरी दारोदार फिरत होती.

ती एकतीस मतांनी आली.

घरात पेढे, ढोकळा, कौन्सिलचे गोरे लोक, हसणं. मृदुला सगळ्यात पुढे, फोटो काढत. सरोजताई खुर्चीत बसून होत्या. त्यांना वाटलं होतं, आता सून येईल, वाकून पाया पडेल, कानात म्हणेल, आई, जिंकलात. वल्लरी आली, कागदी बशीत ढोकळ्याचे बारीक तुकडे घेऊन. चारचौघांदेखत तिनं त्यातला एक त्यांच्या तोंडात घातला. "आ करा आई. आ."

त्यांनी आ केला.

"आता बास झालं हं," पाहुणे गेल्यावर त्या म्हणाल्या. "गळ्याशी आलं माझ्या. डॉक्टरांची तारीख कधीची आहे?"

वल्लरी बशा गोळा करत होती. "त्याबद्दल बोलायचंय," ती म्हणाली. "आई, बसा. तुम्ही तपासणीत नापास झालात तर सरकार तुम्हाला ठेवणार नाही."

"मी कशाला नापास होते? पाढे म्हणून दाखवू?"

"आणि पास झालात तर मी खोटी. पोलिसांना खोटं सांगितलं म्हणून सीट जाईल आणि वर केस होईल. इथं रेसिडेन्सी मिळाली की सगळ्यांना कळतं. मृदुलाच पहिली विचारेल, अगं, डोकं गेलेल्या बाईला कशी मिळाली?"

सरोजताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग राघवकडे. राघव म्हणाला, "आई, थोडे दिवसच गं. पुण्यात म्हाताऱ्या माणसांसाठी चांगल्या संस्था आहेत आता. पुढच्या टर्मला बघू. परत अर्ज करू."

"थोडे दिवस," त्या म्हणाल्या. "कोणाचे?"

राघव खिडकीकडे वळला. वल्लरी मात्र समोर येऊन उकिडवी बसली. टकर बसला होता तशीच. "तुम्ही म्हणाल तर उद्या राजीनामा देते. पेपरला सांगते, मी खोटं बोलले. तुम्ही फक्त म्हणा." आणि थांबली. सासूला ती तेरा वर्षं ओळखत होती. जिंकलेली निवडणूक ही बाई परत करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ओळखणाऱ्यानं मारलेलं असं वर्मी लागतं.

सरोजताईंनी तसं म्हटलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने जे झालं ते बघवत नव्हतं. खोटं एकदा गावभर झालं की ते घरातही खरंच करावं लागतं. गॅसची बटणं काढून ठेवली. किल्ली काढून घेतली. बायका भेटायला यायच्या आणि मोठ्यानं, तुटक तुटक बोलायच्या, "सरोज-ताई. मी. स्नेहल. ओळ-खलं?" त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलायच्या. पूर्वी ज्या बाईपुढे जिभा वळत नव्हत्या तिच्यापुढे आता सगळ्या मनातलं ओकायच्या. कोणी म्हणालं, आता हिला काय कळतंय? सरोजताईंनी ते सगळं ऐकलं, सगळं लक्षात ठेवलं आणि त्याचा काडीइतका उपयोग नव्हता. पटेल दुधाच्या पैशांची मोड त्यांच्या तळहातावर न देता राघवला फोन करायचे. आणि टकर परत आला. आई गेली म्हणाला. तिची एक गोधडी होती, बटणं, चेन, नाड्या लावलेली. हाताला चाळा म्हणून अशा माणसांना देतात. "तिला आता नको," म्हणाला आणि ती त्यांच्या मांडीवर पसरली. त्यांनी एक बटण लावलं, काढलं, लावलं. टकरनं त्यांच्या केसांवरून हात फिरवला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. त्यांना कल्याणी आठवत होती, फाटकाशी उभी.

सिद्धीला कोणी खरं सांगितलं नव्हतं. पोर आहे, शाळेत बोलून जाईल. पोर आधी घाबरली, मग पेटून उठली. तिनं कुठूनतरी शोधून काढलं की अशा माणसांना रोज प्रश्न विचारायचे असतात, म्हणजे मेंदू झोपत नाही. शाळेतून आली की बॅग टाकायची, मांडीवर पाय टाकायचे आणि विचारायची, "आजी, व्हॉट्स माय नेम? व्हॉट डे इज इट? काल आपण काय खाल्लं?" अर्धे इंग्रजीत, अर्धे मराठीत, जमेल तसे, पण विचारायची. एवढी एक वेळ सरोजताई शहाण्या असायच्या. दार बंद असायचं. त्या तिन्ही उत्तरं बरोबर द्यायच्या, चौथं न विचारता सांगायच्या, आणि पोर टाळ्या पिटायची. घरात ती एकटीच त्यांना शहाणी म्हणत होती.

मग एका संध्याकाळी सिद्धी जेवताना म्हणाली, "मम, आजी इज गेटिंग बेटर! आय टोल्ड मिस. शी गॉट हीप्स राइट. मिस म्हणाली ती पेपरवाल्यांना सांगणार, कारण असं होत नाही कधी."

वल्लरीचा घास हातातच राहिला. रात्रीची भांडी झाल्यावर ती सासूच्या खोलीत आली. दारातच उभी राहिली. "आई, आता तिच्यापुढेही बरोबर उत्तरं नकोत. प्लीज. जायला आठवडा राहिलाय."

"एवढी एक पोर," सरोजताई म्हणाल्या. "एवढी एक ठेव गं मला."

"मग मीच तिला सांगू का सगळं? आजी नाटक करत होती म्हणून? तुम्हीच मला शिकवलंत आई," वल्लरी म्हणाली. ती रडत होती, पण जागची हलली नाही. "माणूस बघायचा नाही, मत बघायचं."

हे त्यांचंच वाक्य होतं. त्यांनी मान खाली घातली.

निघायच्या दिवशी विमानतळावर पुष्कळ लोक आले होते. कौन्सिलर बाईंच्या सासूबाई चालल्या म्हणून मंडळाच्या बायका, शेवटचा फोटो म्हणून मृदुला, कोपऱ्यात टकरसुद्धा. विमान कंपनीला आधी कळवलेलं होतं, म्हणून व्हीलचेअर होती, गळ्यात 'मदत लागते' अशा खुणेची पट्टी होती. ठणठणीत पायांची बाई तिच्यात बसली होती. मांडीवर ती बटणांची गोधडी. पुण्यात उतरल्यावर संस्थेची गाडी येणार होती. राघव पाठमोरा उभा राहून चेक-इनचे कागद वाचत होता, जे त्याला पाठ झाले असतील.

सिद्धी धावत आली. तिनं आजीचे दोन्ही गाल हातात धरले. सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं तिला. "वॉच," ती म्हणाली. "आजी. माझं नाव काय? सांग. यू नो धिस."

 मृदुलानं फोन वर धरला. वल्लरीनं श्वास रोखला. सरोजताईंनी नातीकडे बघितलं, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एखादा पत्ता पाठ करावा तसं. मग खुळ्यासारख्या हसल्या.

"कोणाची गं तू, बाळ?"

पोर आधी हसली, थट्टा वाटली तिला. परत विचारलं. परत तेच. मग ती जी ओरडली ती अख्ख्या विमानतळानं ऐकली. टकरनं पुढे होऊन तिला उचललं आणि छातीशी धरलं, कारण तिचे आईबाप जागचे हलले नव्हते. बायकांनी डोळ्यांना पदर, ओढण्या लावल्या. वल्लरीनं श्वास सोडला.

व्हीलचेअर ढकलायला एक तरुण माओरी मुलगी होती. "किया ओरा, आँटी," असा तिच्या भाषेतला नमस्कार तिनं केला आणि त्यांना आत घेऊन गेली. दार मागे बंद झालं. आता तिथं मतदार कोणी नव्हते, बायका नव्हत्या, सून नव्हती. सरोजताईंनी मुलीचा हात घट्ट धरला.

"सिद्धी," त्या म्हणाल्या. "माय ग्रँडडॉटर. सिद्धी राघव धामणकर. नाइन इयर. बर्थडे ऑगस्ट. टुडे फ्रायडे. यस्टरडे वी ईट वरणभात. शी लाइक तूप. आय नो. आय नो एव्हरीथिंग. आय अ‍ॅम नॉट मॅड."

त्या मुलीला ड्यूटीवर येतानाच सांगितलेलं होतं, हे पेशंट कसं आहे ते. तिनं मायेनं त्यांचा हात थोपटला, गोधडी गुडघ्यांवर नीट केली आणि हळूहळू, तुटक तुटक म्हणाली, "येस, आँटी. ऑफ कोर्स, आँटी. ऑल गुड." आणि खुर्ची ढकलत राहिली.